एक तास वजा

"अजूनही टोचतोय?" चष्मेवाल्याने विचारलं.

"डाव्या कानामागे," ज्योतिषी म्हणाला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

चार महिन्यांतली ही पाचवी खेप. चष्मा टोचतबिचत काही नव्हता. ज्योतिष्याचा डावा कान उजव्यापेक्षा जरा खाली होता, त्यामुळे आजवर कुठलाच चष्मा त्याला सरळ बसला नव्हता. या चष्मेवाल्याने मात्र पहिल्याच दिवशी, माप न घेता, डावी काडी अशी बेताने वाकवून दिली की चष्मा आहे हेच ज्योतिषी विसरला. डोळ्यांवर चष्मा ठेवून घरभर तो तोच शोधत फिरायचा. पण दुकानात यायला काही निमित्त हवंच ना! खरं सांगायचं म्हणून यायचं आणि कानाची तक्रार सांगून परत जायचं, असं चाललं होतं.

आज माघार घेऊन चालणार नव्हतं. मागच्या खेपेला चष्मेवाला बोलता बोलता म्हणाला होता की शाळेतल्या एका बाईंनी त्याला लग्नाचं विचारलंय आणि येत्या रविवारी तो नकार कळवणार आहे. "माझी पत्रिका वाईट आहे हो. माझ्यापासून माणसं तुटतात. त्या बिचारीच्या आयुष्याची माती कशाला करू?"

आज शनिवार होता.

ज्योतिषी खुर्चीत सावरून बसला. जन्मभर लोकांना धडाधड भविष्य सांगणाऱ्या या गृहस्थाला आता एक वाक्य जुळवता येईना.

"तुमच्या जन्माच्या वेळी सिंह रास उगवत होती," तो एकदाचा म्हणाला.

चष्मेवाला छोट्या दिव्यावर काडी गरम करत होता. स्वतःचा चष्मा नाकावर सरकवत, वर न पाहता तो म्हणाला, "हो. सिंहेचा पहिला द्रेष्काण."

"राशीचे तीन भाग पडतात. एकेक भाग म्हणजे एकेक द्रेष्काण. प्रत्येकाचं चित्र निराळं..."

"माझं पाठ आहे. झाडावर गिधाड आणि कोल्हा. खाली मळक्या कपड्यांतला एक माणूस, आईबापांपासून तुटलेला, रडतोय." चष्मेवाला हसला. "ज्या मावशींनी मला वाढवलं, त्यांनी पत्रिका दाखवली होती. लहानपणी मी कपड्यांना डाग म्हणून लागू द्यायचो नाही. वाटायचं, तेवढ्याने चित्र बदलेल."

ज्योतिष्याने खिशातून घडी घातलेला एक जुना कागद काढला.

"ते चित्र तुमचं नव्हतंच. चूक झाली. ती पत्रिका मी मांडली होती."

"माहीत आहे. पहिल्या दिवशी तुम्ही वहीत पत्ता लिहिलात, तेव्हाच अक्षर ओळखलं मी."

ज्योतिष्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणजे हा माणूस चार महिने सगळं जाणून होता, आणि तरी दर वेळी खुर्ची पुढे करत होता! उठून पळून जावं असं त्याला वाटलं. पण तसं पळून झालं होतं, चांगलं चार वेळा.

"त्या वर्षी सरकारी हुकमाने घड्याळं एक तास पुढे केली होती," तो सांगू लागला. "त्यामुळे कुणी जन्मवेळ आणली की आम्ही आधी एक तास वजा करायचो. हात बसला होता. ही तुमच्या जन्माची चिठ्ठी. प्रसूतिगृहातली. मागे बघा."

मागच्या बाजूला नर्सच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'एक तास वजा करून लिहिले आहे.'

"मी पुन्हा वजा केला. कागद उलटून पाहायची बुद्धी झाली नाही. बाळंतीण तापाने फणफणलेली, सगळं घर घाबरलेलं, आणि मी गिधाड-कोल्हा घेऊन बसलो. मूल या घरात नको म्हणालो. दोन दिवसांचं पोर परगावी दिलं. बाळंतीण तरीही गेली. चार महिन्यांपूर्वी कपाट आवरताना ही चिठ्ठी हाती लागली."

"मग माझं खरं चित्र कुठलं?"

"दुसरा द्रेष्काण. डोक्यावर पांढरी माळ, हातात धनुष्य, कुणाला न भिणारा माणूस." ज्योतिष्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं. "तू तुटलेला नव्हतास रे. तुला तोडलं."

चष्मेवाल्याने काडीखालचा दिवा विझवला. चिठ्ठी उलटून मागची ओळ त्याने पुन्हा वाचली.

"आणि माझे वडील? त्यांनी नाही अडवलं?"

ज्योतिष्याने मान खाली घातली. "त्यांनी ज्योतिष्याचं ऐकलं."

"आहेत ते?"

"आहेत."

"मग ते का नाही आले?"

"लाज वाटत असेल."

चष्मेवाल्याने चिठ्ठीची घडी घालून ती आपल्या खिशात ठेवली. "पांढरी माळ घालून मी काही फिरणार नाही," तो म्हणाला, "पण उद्या बाईंना नकारही देणार नाही."

काम झालं होतं. ज्योतिषी उठला. आता हलकं वाटेल अशी त्याची समजूत होती, पण लाज जागची हलली नव्हती. मान खाली घालूनच तो दारापर्यंत गेला.

"चष्मा राहिला!"

तो वळला. चष्मेवाला टेबलामागून बाहेर आला आणि त्याने स्वतःच्या हातांनी चष्मा ज्योतिष्याच्या डोळ्यांवर चढवला. समोरचा रस्ता एकदम तरंगायला लागला. काचा भलत्याच नंबराच्या होत्या. काडी मात्र डाव्या कानामागे चपखल बसली होती. ज्योतिष्याने डोळे बारीक करून टेबलाकडे पाहिलं, तर त्याचा चष्मा तिथेच पडलेला होता. हा चष्मेवाल्याचा स्वतःचा होता.

"म्हणून माप घ्यावं लागलं नाही," चष्मेवाला म्हणाला. "डावा कान माझाही थोडा खालीच आहे, बाबा."