कडू घास

"हे अजून वाडीतून आले कसे नाहीत?" मी सुनेला विचारलं. "आई, बाबांना जाऊन वर्ष झालं. किती वेळा सांगू? जेवा बघू आधी." माझ्यासाठी हे आत्ताच गेले होते. ताट सारून मी खोलीत आले. कपाटाच्या काचेपलीकडे एक म्हातारी माझीच साडी नेसून रडत होती. "मेली, नवऱ्याचं मरणसुद्धा विसरली!" ती स्वतःलाच शिव्या घालत होती, माझ्याच आवाजात. आमच्या पापडी गावात मयताच्या घरी चूल पेटत नसे. शेजारणी पिठलंभात नेऊन पहिला कडू घास भरवत. नायगावच्या या टॉवरमध्ये हिला कोण भरवणार? ताट उचलून आणलं. "बये, थकलेलं माणूस विसरतं. स्वतःला बोल लावू नकोस. खा," म्हणत घास पुढे केला. तिनेही माझ्यापुढे घास धरला. तिची बोटं गार लागली. दुखवट्यातला घास नाकारू नये. मी तोंड उघडलं.