कॅप्टनची पट्टी

सामन्याला दहाच मिनिटं उरली होती आणि जर्सी सांभाळणारे काका कॅप्टनची पट्टी हातात घेऊन ड्रेसिंगरूमभर फिरत होते. त्या फुटबॉल क्लबचा रिवाज साधा होता: सगळ्यात जुन्या खेळाडूच्या दंडावर ती काकांनीच बांधायची. पण मालकांनी यंदा झाडून सगळे जुने विकले, कॅप्टनसकट. "तू कधी आलास रे?" "परवा." "आणि तू?" "काल. काका, बाथरूम कुठंय?" काकांच्या डोक्याचा भुगा झाला. तेवढ्यात दार ढकलून कॅप्टन सवयीने आत आला, आपल्या कोपऱ्यातल्या खुंटीखाली बसला आणि त्याने दंड पुढे केला. काकांनी नेहमीसारखी पट्टी बांधली, पाठीवर थाप मारली. "जा बाळा, जिंकून ये!" नवी पोरं कॅप्टनच्या छातीकडे बघू लागली. तेव्हा कुठे काकांची नजर त्याच्या जर्सीवर गेली. ती समोरच्या संघाची होती. पट्टी आता सोडायची कुणी, ते दोघांनाही कळेना.