भरून ठेवलेली पिशवी

सरांच्या पोटातल्या महाधमनीत बसवलेल्या कृत्रिम नळीला जंतुसंसर्ग झाला होता. ती काढून तिच्या जागी त्यांच्याच मांडीतल्या शिरा जोडायच्या, असे सर्जनने ठरवले होते. ऑपरेशन जिवावरचे होते; आणि ज्यांनी त्याच्या हाती पहिल्यांदा सुरी दिली, ते सरच खाटेवर बसून सकाळपासून त्याच्याशी हुज्जत घालत होते.

"नळी काढायची नाही. आत धुऊन घे, औषधं चालू ठेव, झालं."

"सर, जंतू नळीलाच चिकटून बसलेत. चार दिवस बरं वाटेल, मग नळी धमनीला जोडलेला सांधा फुटेल."

"मला शिकवतोस?"

"तुम्हीच शिकवलंत."

उशाशी सरांची पिशवी भरून तयार होती. सर्जनची नजर पुनःपुन्हा तिच्याकडे जाई आणि खिशातल्या पेनाचे टोपण त्याची बोटे उगाच काढत-घालत राहत. सर रागाने उठून घरी गेले, तर त्यांचे काही खरे नव्हते.

खाटेशेजारी बसलेल्या सरांच्या पत्नी, काकू, दबक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, जरा त्यांच्या मनासारखं कर ना."

त्याच्या ओठांवर 'बरं' आलेही होते. ते गिळून तो म्हणाला, "सर, नळी काढू देणार असाल, तरच मी सुरी हातात घेईन. नुसतं धुण्यासाठी नाही."



सर काकूंकडे वळले. "पिशवी रिकामी कर गं. हा 'बरं' म्हणाला असता, तर दुसरा सर्जन गाठायचा होता."