तिकडचा शनिवार

“मम्मी, देख ना! रात्रीचे साडेअकरा वाजलेत, अन् गर्दी बघ कशी आहे!”

फोनमध्ये काचेच्या उंचच उंच इमारती होत्या, लखलखत्या पाट्या होत्या, आणि जाड कोट घालून खिदळत चाललेली माणसं होती. लोधीपुऱ्यातल्या स्वयंपाकघरात, भर दुपारी, रजनी ते बघत राहिली. व्हँकुव्हरला गेल्यापासून दोन महिने स्वप्निल खोली ते ऑफिस अन् ऑफिस ते खोली, एवढंच करत होता. बाप जाऊन वर्षही झालं नव्हतं. फोनवर हो-नाहीच्या पुढं शब्द नाही. आज पहिल्यांदा दोस्तांबरोबर शहर बघायला निघाला होता, आणि तोंडभर हसत होता. रजनीला इतकं बरं वाटलं, की फोन कशाला लावला तेच ती विसरली.

मग फोनमध्ये त्याचं तोंड आलं. तोंडात घास होता, हातात चिकनचा रोल, अर्धा संपलेला.

“स्वप्निल, आज अखाजी आहे रे.”

“उद्या ना? रविवारी, दुपारी बारा वाजता. तूच तर बोलली होती. मी अलार्म लावून ठेवलाय.”

“इकडं रविवारच आहे, राजा. बाराच वाजलेत.”

त्याचं चावणं थांबलं.

नवरा, सुधाकर, गेल्यानंतरची ही पहिली अखाजी, पितरांना जेवू घालायची अक्षय्य तृतीया. घागर भरून झाली होती, पुरणपोळी-आमरसाचं ताट वाढून झालं होतं. अंगणात गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर तुपातला घास टाकायचा आणि उपाशी लेकानं बापाचं नाव घ्यायचं. घास पेटला की बाप जेवला. तोवर घरात कोणी अन्नाला शिवायचं नाही. एकुलता लेक सातासमुद्रापार, म्हणून घास सुधाकरच्या थोरल्या भावानं टाकावा आणि नाव लेकानं फोनवरून घ्यावं, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. म्हणजे थोरल्या भावानं, उखर्डूदादांनी ठरवलं होतं, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या.

“मम्मी, मी तर चिकन खाल्लं.” स्वप्निलचे डोळे भरून आले. “सॉरी ग. आता काय करू?”

अंगणातून उखर्डूदादांचा आवाज आला. “लागला का फोन पोऱ्याचा?”

रजनीनं फोन पदराखाली धरला. खरं सांगितलं तर दादा चारचौघांत पोराची पार इज्जत काढतील, आणि बापाच्या पहिल्या घासाला लेक कोंबडी खात होता, हे गोतावळा जन्मभर चघळेल.

“अंघोळीला गेलाय, दादा,” ती ओरडली. “अर्धा तास थांबा.”

“अर्धा तास? तिकडं काय नदीवर गेला अंघोळीला? मला शुगर आहे, जेवल्याशिवाय गोळी घेता येत नाही!”

रजनीनं आवाज खाली केला. “तुझ्याकडं रविवार कधी लागतो?”

“अर्ध्या तासानं. बाराला.”

“मग फेक ते. खळखळून चूळ भर. शनिवारी खाल्लेलं रविवारच्या उपासात धरत नाहीत.”

“सच्ची?”

“मी सांगते ना!”

हे कोणत्या पोथीत लिहिलंय, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

दोस्तांना पुढं धाडून तो एकटाच चालू लागला. वेळ काढायचा म्हणून आईला शहर दाखवत राहिला. एका चौकात वाफेवर चालणारं घड्याळ होतं, ते चक्क कुकरसारखी शिट्टी मारत होतं. पुढं समुद्र लागला. काळं पाणी, त्यावर दिव्यांच्या लांबच लांब रेघा. लग्न झाल्यापासून सुधाकर म्हणायचा, एकदा तुला समुद्र दाखवतो. नेलं ते जवळच्या इच्छापूरच्या देवीपर्यंत.

“अगं बाई, केवढं पाणी!” रजनी हसली, आणि स्वतःचं हसू ऐकून तिचा जीव चरकला. शेजारी ताट निवत होतं. नवरा तिकडं उपाशी, दादा इकडं भुकेनं कासावीस, अन् आपण बसलोय समुद्र बघत! तिला स्वतःची शरम वाटली. तरी बंद कर म्हणवेना.

“मम्मी, लागला रविवार.”

ती ताट घेऊन अंगणात आली. फोन नणंदेनं, मालूबाईनं धरला. स्वप्निलनं कुठल्याशा नळाखाली डोकं घातलं होतं; ओले केस कपाळाला चिकटले होते. दादांनी तुपात बुडवलेला घास उचलला.

“घे बापाचं नाव.”

“सुधाकर...” स्वप्निलचा आवाज फाटला. “पप्पा, जेवा.”

घास पडला मात्र, तूप चरचरलं आणि हातभर जाळ उठला.

“पाहा!” दादांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. “लेक उपाशी उभा राहिला, म्हणून बाप झटकन जेवला! एवढ्या लांब जाऊनही पोऱ्या बापाला विसरला नाही.” त्यांनी फोन हातात घेतला. “शाबास रे वाघा. जा, आता पोटभर जेव.”

स्वप्निलनं मागं उभ्या असलेल्या आईकडं पाहिलं. रजनीनं मान खाली घातली.

“हो, मोठेबाबा,” तो कसाबसा म्हणाला. फोन बंद झाला.

पंगत बसली. दादांनी दोन वाट्या आमरस मागून घेतला. मालूबाईनं पहिला घास मोडला आणि थांबली.

“वहिनी, तुझं ताट कुठंय? सकाळपासून नुसत्या पाण्यावर आहेस. भावाचा घास तर झाला, आता कोणासाठी थांबलीस?”

रजनी तिच्या पोळीवर तूप सोडत होती.

“तुम्ही जेवा, ताई. एक उपास फेडायचा राहिलाय माझ्याकडं.”