तिसऱ्या पानावरचा चौकोन

सनोबरने जुन्या वर्तमानपत्राचं तिसरं पान उलटायला घेतलं आणि ती थांबली. पानाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं, पोस्टाच्या दोन तिकिटांएवढं. कडा अगदी सरळ होत्या, वस्तऱ्याने कापल्यासारख्या. भोकातून मागच्या पानावरचे कापसाचे आकडे दिसत होते.

खाली अंगणात घोडागाडी थांबली. ताश्कंदहून तपासणीस येणार हे तिला सकाळीच कळलं होतं. कशासाठी, ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि हल्ली असं कोणी विचारतही नसे. तिच्या आधी वाचनालयातली वर्तमानपत्रांची ही खोली रहमतुल्ला सांभाळायचे. त्यांच्या फायलीत दोन अंक कमी भरले, तर घातपाताचा आरोप ठेवून त्यांना नेलं. त्याला वर्ष झालं, अजून पत्ता नाही.

भोक कोणी पाडलं, हे सनोबरला कोणी सांगायला नको होतं. दर गुरुवारी इबोदत मावशी यायची. मावशीला अक्षरओळख नव्हती, तरी ती खिडकीशी बसून एकोणीसशे पस्तीस सालची फाइल मागायची. तिसऱ्या पानावर नव्या कालव्याची बातमी होती आणि तो खणून घेणाऱ्या इंजिनियरांचा एका ओळीतला फोटो. डावीकडून चौथा तिचा मुलगा योल्दोश. त्याला पकडून नेलं तेव्हा घरातले फोटोसुद्धा नेले. जगात त्याचा एवढा एकच चेहरा उरला होता, आणि तो सरकारी मालमत्ता होता.

"पोरी, आज जरा हसतोय, नाही का गं?" मावशी विचारायची.

"हसतोय की," सनोबर म्हणायची, तेही इकडेतिकडे बघून. तिला मावशीची दया यायची आणि स्वतःसाठी भीती वाटायची. तरी पुढच्या गुरुवारी ती फाइल काढून द्यायचीच. काल, गुरुवारी, मावशी नेहमीपेक्षा लवकर निघाली होती. जाताना तिने सनोबरच्या गालावरून हात फिरवला होता.

तपासणीस तुराबोव आत आला. बारीक अंगाचा, सर्दीने बेजार झालेला माणूस. चहा नको म्हणाला. रुमालाने नाक पुसत त्याने नेमकी तीच फाइल मागितली.

कोणीतरी चुगली केली असणार, सनोबरला वाटलं. त्याने थेट तिसरं पान काढलं, भोकावर बोट ठेवलं आणि वर पाहिलं.

"हे कोणी केलं?"

एक नाव सांगितलं की सुटका होती. म्हातारी आज ना उद्या जायचीच, असा विचार तिच्या मनात आला. तिला त्याची लाज वाटली, पण तो काही जाईना. घरी तिच्या दोन मुली होत्या, धाकटी अजून अंगावर पीत होती. तिने तोंड उघडलं.

"मी."

"तुम्ही? कधी?"

"काल."

तुराबोवने बॅगेचं कुलूप काढून एक कागद बाहेर घेतला. "छापील मजकुरातून ज्यांची नावं आणि तोंडं काढून टाकायची त्यांची ही यादी, हा माणूसही तीत आहे. आज सकाळी माझ्या हातात पडली. तुम्हाला कालच कशी काय कळली, बाई?"

सनोबरने कोपऱ्यातल्या पेटत्या शेगडीकडे पाहिलं.

"तो जनतेचा शत्रू," ती म्हणाली. "मला त्याचं तोंड बघवेना."

योल्दोशबद्दल असं बोलताना तिला स्वतःची किळस आली. तुराबोव तिच्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने शिंकला आणि चक्क हसला.

"अहो, आठ शहरं फिरून आलो! एकालाही स्वतःहून सुचलं नाही. सांगितलं तरी नुसती शाई ओततात आणि मागची दहा पानं नासवतात. तुमचा हात बघा, किती सफाईदार!" त्याने यादी तिच्यापुढे सरकवली. "शहरातल्या सगळ्या वाचनालयांचं हे काम आता तुमच्याकडे. दोनशे बारा नावं आहेत. याच फोटोत आणखी एक आहे, आजच सुरुवात करा."

"आणि कापलेले तुकडे?" सनोबरने कसंबसं विचारलं.

"शेगडीत घाला. ते कोण मोजत बसणार?"

तो गेला. घोडागाडीचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. सनोबरला जीव वाचल्याचा आनंद काही होईना. एका मावशीला वाचवायला गेली आणि दोनशे बारा आयांचे मुलगे पुसायचं काम गळ्यात पडलं.

शेवटी तिने कात्री घेतली. यादीतलं नाव तिने फोटोखालच्या ओळीशी ताडून पाहिलं: उजवीकडून दुसरा, रझ्झाकोव. कान बाहेर आलेला, उन्हाने डोळे बारीक केलेला कोणी तरुण. तिने त्याला अलगद कापून काढलं. एकही कान दुखावू दिला नाही.

तुकडा घेऊन ती शेगडीपाशी गेली. झाकण उचललं. चेहऱ्यावर आच आली.

तुकडा हातातच धरून तिने झाकण परत ठेवलं. दाराला आतून कडी घातली, वाचकांच्या कार्डांचा खण ओढला आणि रझ्झाकोवच्या घरचा पत्ता शोधायला लागली.