जोडेवाला

मुहोंगोने जिभेवरचं मीठ थुंकलं आणि ते नेमकं बास्त्यांवच्या जोड्यावर पडलं.

पाद्रींचा दुभाष्या बास्त्यांव कळवळला. मीठ बाप्तिस्म्याचं, देवाचं होतं, त्याचं त्याला फारसं काही नव्हतं. जोडा मात्र त्याचा होता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या या लुआंडा शहरात ज्या काळ्या माणसाच्या पायात जोडा, त्याला लोक गोऱ्यांत धरत. अनवाणी दिसला तर कुणीही धरून ओझ्याला जुंपावं, नाहीतर विकावं. बास्त्यांव मोकळा माणूस होता, कुणाचा गुलाम नव्हता, आणि याचा त्याला भारी ताठा होता. तो झोपतानासुद्धा जोडे उशाशी घेई. बाकी त्याच्यापाशी गोरं म्हणण्यासारखं काहीच नव्हतं.

“रानटी कुठली! गीळ ते!” तो तिच्या भाषेत, म्हणजे स्वतःच्या आईच्याच भाषेत खेकसला. “आत्म्यासाठी असतं ते.”

“ए जोडेवाल्या, आमच्याकडे मांस लांबच्या गावी न्यायचं असलं की आधी मीठ लावतात,” मुहोंगो म्हणाली.

साखळीतल्या बायांपैकी कुणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं. समुद्रापलीकडचे गोरे माणसं खातात, हे त्यांच्या मुलखात शेंबडं पोरही सांगे.

“तुम्हाला कोण खातंय! तोंडं बघा आपली,” बास्त्यांव म्हणाला. “लहानपणी मीही हेच मीठ खाल्लंय. मला खाल्लं का कुणी?”

धक्क्यावर दगडी खुर्चीत, छत्रीखाली बसलेले पाद्री अन्सेल्मो घाईत होते. ब्राझीलला जाणारं जहाज बाहेर उभं होतं आणि ओहोटीबरोबर त्याला निघायचं होतं. बाप्तिस्मा न झालेला माणूस जहाजावर चढवणं पाप होतं. माणूस विकणं पाप नव्हतं. तेव्हा समोरून सरकणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेवर चिमूटभर मीठ, डोक्यावर पाण्याचे शिंतोडे, की पुढचा. पुरुषांच्या अख्ख्या रांगेचं नाव पेद्रू, बायांच्या अख्ख्या रांगेचं मारिया. इतक्या जणांना वेगवेगळी नावं कोण शोधत बसणार? मुहोंगोच्या तोंडात दुसऱ्यांदा मीठ कोंबलं गेलं आणि तीही मारिया झाली.

मग बास्त्यांवने नेहमीचं पाठांतर म्हणून दाखवलं. आता तुम्ही देवाची लेकरं झालात. मागचा मुलूख विसरा. रडू नका, आनंदाने जा, तिकडे सगळं चांगलंच आहे. तिकडे काय आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं, पण पोपटाला कुठे पेरूची बाग पाहावी लागते? खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस, असं पाद्री त्याच्याबद्दल चारचौघांत म्हणत.

साखळीतले सगळे जहाजाकडे नेणाऱ्या नावेत बसले. तेवढ्यात नावेतून मुकादम लोबातू ओरडला, “पाद्रीबाबा, इथे एक म्हातारा डोळे फिरवतोय! याच्यावर पाणी पडलेलं दिसत नाही!”

“पळ, बास्त्यांव,” पाद्री म्हणाले. “जीव आहे तोवर शिंपड चार थेंब.”

नाव गुडघाभर पाण्यात होती. खाऱ्या पाण्याने कातडं तडकतं, हे बास्त्यांवला पक्कं ठाऊक होतं. त्याने जोडे काढले, बाहीने पुसले, पाद्रींच्या खुर्चीपाशी नीट जोडीने ठेवले आणि विजार वर करून पाण्यात शिरला.

तो नावेत चढेपर्यंत म्हातारा मेला होता. लोबातूने त्याच्या पायातली बेडी काढली आणि प्रेत पाण्यात लोटलं. रिकामी बेडी हातात धरून तो क्षणभर थांबला. मग त्याने खाली पाहिलं. बास्त्यांवचे पाय अनवाणी होते.

बेडी घोट्यावर बसली तेव्हा बास्त्यांवला आधी ती थट्टाच वाटली. “अहो मुकादम, मी! मी बास्त्यांव! रोज बघता ना मला?”

“इथे आला की जो तो कोणीतरी असतोच,” लोबातू म्हणाला.

“माझे जोडे! ते बघा तिथे, खुर्चीपाशी! पाद्रीबाबा, सांगा ना याला!”

लोबातूने तोंडाभोवती हात धरून धक्क्याकडे हाक दिली. “पाद्रीबाबा, हा तुमच्या मालकीचा का? असला तर सोडतो. दुसऱ्याच्या मालाला मी हात लावत नाही!”

पाद्री अन्सेल्मो आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. “नाही,” ते म्हणाले. “हा कोणाच्याच मालकीचा नाही.”

“मग झालं तर!” लोबातूने वल्ही मारायला सांगितलं.

बास्त्यांव गळा काढून ओरडत राहिला. पाद्रींना वाईट वाटलं नाही असं नाही. त्यांनी ओहोटीच्या पाण्याकडे पाहिलं. मग छत्री धरून उभ्या असलेल्या काहोलोकडे पाहिलं. काहोलोलाही दोन्ही भाषा येत होत्या आणि त्याचा एक पाय एव्हाना बास्त्यांवच्या जोड्यात गेला होता. पाद्रींनी सुस्कारा सोडला, नावेच्या दिशेने हात उंचावला आणि आपल्या भाषेत मोठ्या मायेने काहीतरी सांगितलं.

मुहोंगोने सरकून बास्त्यांवला जागा दिली. “काय म्हणाला रे तो?”

आजवर पाद्रींच्या बोलण्यात पदरची साखर घातल्याशिवाय बास्त्यांवने ते कुणाला सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच त्याने ते जसंच्या तसं सांगितलं.

“म्हणाला, याला मीठ आधीच लागलंय. तसाच जाऊ द्या.”