तुपाचं बोट

अनुपमा सिस्टरने काडी मंजुळाबाईंच्या नाकात घातली, आणि ती इतकी सुळकन आत गेली की सिस्टरचाच हात थबकला.

सोमवारी आणि गुरुवारी ड्युटीवर चढण्याआधी दवाखान्यातल्या सगळ्यांची अशी विषाणूची तपासणी व्हायची. त्याशिवाय वॉर्डात कुणी पाऊल टाकायचं नाही, मग तो डॉक्टर असो की झाडूवाला. डॉक्टरीणबाई तेवढ्या दर वेळी शिंकायच्या. बाकी कुणी गेले काही आठवडे हूं की चूं करत नव्हतं. आपला हातच हलका, असं सिस्टरला वाटत होतं.

मंजुळाबाईंना आज घाई होती. त्या बाळंतिणींच्या वॉर्डातल्या जुन्या आया. इथे जन्मलेलं पोर पहिल्यांदा फडक्यात घ्यायचं ते त्यांनीच. आणि आज आत त्यांची स्वतःची लेक होती. प्रेरणा सकाळीच सासरहून, वडनेर भोलजीहून, गाडीने थेट इथे आली होती. मायलेकींची अजून भेटही झाली नव्हती.

"झालं ना सिस्टर? जाऊ मी? पोरगी कळा देऊन राह्यली आतमंदी."

अनुपमाने काडी उजेडात धरली. टोकाचा कापूस चमकत होता.

"मावशी, नाकात काय घालून आल्या?"

"तूप," मंजुळाबाई ठसक्यात म्हणाल्या. "गाईचं हाये. काडी आग करते म्हणून हा गोपाल रडून राह्यला होता. तवापासून डबी आणतो मी. साऱ्यायच्याच नाकाले बोट लावतो."

मागे रांगेत उभ्या वॉर्डबॉय गोपालने मान खाली घातली. त्याच्या मागचे छताकडे पाहू लागले.

अनुपमाने ती काडी कचऱ्यात टाकली. म्हणजे काडी नुसती तुपावरून घसरून येत होती, आणि ती खुशाल सगळ्यांना आत सोडत होती. आत ओल्या बाळंतिणी, कालची-परवाची पोरं. हात हलका कसला, डोंबलाचा!

"नाक धुवा. चांगलं शिंकरा, अन् परत या."

"आता? अवं, लेक माही..."

"म्हणूनच."

मंजुळाबाईंनी नळावर जाऊन रागारागाने नाक शिंकरलं. या वेळी काडीने त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं. पट्टीवर थेंब पडले. पहिली रेघ उमटली. ती सगळ्यांचीच उमटते.

"माह्या पट्टीवर दुसरी रेघ येतच नाई," त्या पदर खोचत म्हणाल्या. "मले ना ताप, ना खोकला."

दुसरी रेघ आली. फिकट होती, पण होती.

आतून प्रेरणाचा आवाज आला, "आई वं!"

गोपाल हळूच म्हणाला, "सिस्टर, दोन मास्क लावून जाऊ द्या ना मावशीले. रेघ तं धड दिसतबी नाई. पह्यलं नातवंड हाये तिचं."

खरं सांगायचं तर अनुपमाचंही मन डगमगलं. या बाईला आजच्या दिवशी दारातून कसं फिरवायचं?

मंजुळाबाईंनी तिला बोलूच दिलं नाही. आपलं चुकलं हे त्यांना कळलं होतं, पण तसं तोंडाने म्हणायची त्यांची रीत नव्हती.

"हात न धुता लेकराले हात लावला म्हणून कितीक आज्यायले म्या इथून हाकललं," त्या म्हणाल्या. "मंग मी काय येगळी हाये?" आणि गोपालवर डाफरल्या, "तू काय पाहून राह्यला बे? नळावर जाय. साऱ्याईनं नाकं धुवा. सिस्टर, तुमी आत जा. तिथं डॉक्टरीणबाई एकल्या हायेत."

त्या मास्क चढवून मागच्या अंगाला गेल्या. वॉर्डाच्या खिडकीची काच बंद होती. बाहेर उन्हात उभं राहून त्यांनी तिथूनच हुकूम सोडायला सुरुवात केली. "दम धर, पोरी! घाबरू नको! हं, आता लाव जोर!" तो आवाज काचेला जुमानणारा नव्हता. त्याच आवाजावर आजवर कितीतरी बाया मोकळ्या झाल्या होत्या.

मग रडणं ऐकू आलं. खणखणीत.

अनुपमा फडक्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन खिडकीशी आली. मंजुळाबाईंचे हात आपोआप पुढे झाले आणि काचेपाशी थांबले. मास्कवरचे डोळे घळघळा वाहत होते. त्यांनी लेकराला डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"पाहा अजून, मावशी. घाई नाई," अनुपमा आतून मोठ्याने म्हणाली.

"पाह्यलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "पडदा लावा आता. लेकराच्या डोयात ऊन जाऊन राह्यलं."